उसात थांबलेलं गाणं

आत्याचं घर निमगाव सावाच्या बाहेर, मळ्यात आहे. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला गोठा. दिवस कलला की त्या उसातून गाणी चालत येतात. माणूस दिसत नाही, कारण ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. गाणं मात्र कुठवर आलंय ते बसल्या जागी कळतं. आता कालव्याच्या चारीवर आहे, आता विहिरीपाशी आलं, आता बांधावरून वळलं. एकाचं भजन, एकाचं हिंदी सिनेमातलं, एकाची कुणा महाराजांच्या कीर्तनाची ध्वनिफीत. माझ्या आतेभावाचं गाणं एकच, लग्नात बँडवाले वाजवतात ते. ते संपलं की पुन्हा तेच.

हे हौसेनं चालत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात राहतो. उसातच जन्मतो, तिथंच वाढतो, तिथंच पिल्लं घालतो. माणूस येतोय हे त्याला लांबूनच कळावं आणि त्यानं बाजूला व्हावं, म्हणून दिवस मावळताना प्रत्येक जण फोनवर काहीतरी मोठ्यानं लावून चालतो. आत्या गाईंसाठी घास कापायला वाकते तेव्हा गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालते. असे पट्टे पूर्वी कुत्र्यांच्या गळ्यात असायचे. आता बायका घालतात आणि त्याविषयी कुणी बोलतही नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "ही काय माणसानं जगायची रीत आहे का?" आत्या म्हणाली, "मग तू घास काप, मी चिडते."

चिडणं हा माझा वारसा आहे. माझे वडील दारूबंदीच्या चळवळीतले. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांवर उभं राहून ते भाषणं करत आणि मी खाली उभी राहून पत्रकं वाटत असे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. दारूविरोधी, हुंड्याविरोधी, भुताखेतांविरोधी. मी अक्षरं त्यांवरच शिकले. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं.

म्हणून पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी आमच्या भागातल्या तरुण पोरांसाठी काम सुरू केलं आणि त्यांना मेसेज लिहायला इथलं कुणीतरी हवं होतं, तेव्हा मी उडी मारून गेले. काम साधं होतं. जी पोरं फार पितात आणि स्वतःहून नाव देतात, त्यांना रोज एक मेसेज पाठवायचा. आज किती घेतली ते विचारायचं, उत्तर आलं की दोन शब्द लिहायचे. रागवायचं नाही, घरी कळवायचं नाही, आणि 'सोड' असं कधीच म्हणायचं नाही. 'कमी कर' म्हणायचं.

माझा पहिला मेसेज मला अजून पाठ आहे. "तरुणा! तुझ्या ग्लासातलं पाणी हे तुझ्या आईच्या डोळ्यांतलं पाणी आहे!"

एका पोराचं लगेच उत्तर आलं. "ताई, मग सोडा वेगळा घ्यायचा का त्यातच भागंल?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्यांना भाषण देतेयस. त्यांना प्रश्न विचार." मग मी लिहायला शिकले. "आज किती?" एवढंच. किंवा "जाणार असशील तर आधी जेवून जा." किंवा "पहिल्या ग्लासानंतर पाणी पी, मग ठरव."

वडिलांनी हे वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. "जेवून जा? हे तू लिहिलंस? उद्या म्हणशील चोरी कर, पण थोडी कर."

"बाबा, तुमच्या पत्रकानं किती जणांची सुटली?"

"आणि तुझ्या मेसेजनं?"

आतेभावाचं नाव त्या यादीत होतं आणि ते मीच टाकायला लावलं होतं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावाकडे गाडी भरायला जायचा, एरवी घरचा ऊस आणि तीन गाई. संध्याकाळी चारीच्या पुलावर पोरं जमत, तिथं तो प्यायचा आणि मग उसातल्या पायवाटेनं घरी यायचा. आत्याचा नवरा कधीच गेलेला. ती मला एकदाच म्हणाली होती, "दारू सुटंल नायतर न सुटंल, बाय. त्यो वाटंत पडला तर वाघ त्याला उठवायला यायचा नाय. एवढं बघ."

आत्याचा वाघ म्हणजे बिबट्याच. तो उभ्या माणसाच्या अंगावर सहसा येत नाही, असं आमच्याकडचा प्रत्येक जण सांगतो. वाकलेला, बसलेला, आडवा पडलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. शहरातला दारुडा पडला तर गटारात पडतो. आमचा उसात पडतो.

मेसेज किती वाजता जावा हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. पोरं पुलाकडे निघतात किंवा पुलावरून परततात ती दिवस मावळतीची वेळ मी धरली. आणि पोरांचे हात त्या वेळी चिखलात, शेणात किंवा हँडलवर असतात म्हणून आलेला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप मी त्यांच्या फोनवर टाकून दिलं. लाज वाटायचा प्रश्न नव्हता. बहुतेकांनी आमचा नंबर 'दूध डेअरी' या नावानं ठेवला होता. दुधाच्या गावात डेअरीनं "आज किती?" विचारलं तर कोण मान वर करून बघणार? ही शक्कल आतेभावाचीच. "ताई, आपली योजना म्हंजी लई टॉप सीक्रेट," असं तो सगळ्यांना ओरडून सांगायचा.

त्या ॲपची एक खोड मला माहीत नव्हती. मेसेज वाचायचा झाला की ते फोनवरचं गाणं बंद करायचं, आणि गाणं आपोआप पुन्हा सुरू व्हायचं नाही. ते हातानं लावावं लागे.

हे मला एका संध्याकाळी आत्याच्या अंगणात कळलं. मी मंचरहून गाडीवर आले होते, चहा चालला होता. शिवारात नेहमीची गाणी चालत होती, लांबवर एक भजन, विहिरीकडून सिनेमाचं काहीतरी. आणि एकाएकी सगळी गाणी एकदम थांबली. कुणीतरी सगळ्या शिवाराच्या तोंडावर हात ठेवावा तशी. मग उसातून, चारीकडून, विहिरीमागून, तीन-चार ठिकाणांहून एकाच बाईचा सपाट, गोड आवाज आला. बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा.

"दूध डेअरी यांचा संदेश. आज किती."

एका जागी संपला की दुसऱ्या जागी. जणू एकच बाई उसातून फिरत प्रत्येकाला विचारतेय. माझेच शब्द होते ते. माझ्या हातातला चहा निवला. कारण त्यानंतर जी शांतता झाली तशी त्या वेळी तिथं कधी नसते. उसाची पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज आला, आणि वारा तर नव्हता.

मग एक गाणं लागलं. मग दुसरं. पोरांनी बटणं दाबली होती.

"रोज असंच व्हतंय का?" मी विचारलं. आत्याजवळ बसलं की माझी भाषाही तिच्यासारखी होते.

"रोज," आत्या म्हणाली. "मी म्हनते आपली बाई आली. इचारून जाती."

ती सहज बोलली. मला मात्र रात्रभर तो आवाज डोक्यातून जाईना. ही वेळ बदलायला हवी, असं मी त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंना लिहिलं. त्यांनी होकार दिला, पण पुण्याच्या संगणकावरून ती बदलायला थोडे दिवस लागणार होते. त्या थोड्या दिवसांतच ते झालं.

मी पुन्हा आत्याकडे होते. ऊस तोडणीला आला होता, पाती वाळून कडक झालेली. आत्या गोठ्यात धार काढत होती आणि मी अंगणात उत्तरं बघायला फोन घेऊन बसले होते. आतेभावाचं गाणं चारीकडून निघालं. नेहमीसारखं विहिरीपाशी आलं. आत्यानं न बघताच सांगितलं, "आला. भाकरी टाकते."

ती हात धुऊन बाहेर आली आणि थबकली.

"गाणं हलंना."

मी कान दिला. बँडचं गाणं चालू होतं, संपून पुन्हा सुरू झालं होतं. पण ते आहे तिथंच होतं. पुढं येत नव्हतं की बाजूला जात नव्हतं. चालणाऱ्या माणसाच्या खिशातलं गाणं जरा हिंदकळतं, उसाच्या आड गेलं की दबतं, मोकळ्यात आलं की फुगतं. हे सरळ एका पातळीवर वाजत होतं, जमिनीच्या जवळून.

"लघवीला बसला असंल," मी म्हणाले.

"दोनदा वाजून झालं आख्खं."

शेजारच्या मळ्यातले एक दादा गाईला पेंड घेऊन चालले होते. आत्यानं त्यांना हाक मारली. ते आले, ऐकलं, आणि पेंडीची पाटी खाली ठेवली. तेवढ्यात शिवारातली सगळी गाणी थांबली.

"दूध डेअरी यांचा संदेश. आज किती."

चारीकडून आला, विहिरीमागून आला, आणि आमच्या पुढ्यातल्या उसातून आला. मग लांबचं भजन परत लागलं. सिनेमाचं परत लागलं. बँडचं लागलं नाही.

आत्यानं खुंटीवरचा खिळ्यांचा पट्टा काढून गळ्यात अडकवला. दादांनी बॅटरी आणि एक थाळी घेतली. "पोरा, ओ पोरा!" त्यांनी ओरडून पाहिलं. उत्तर नाही. आणखी एक गोष्ट सगळ्यांना एकदमच जाणवली, आत्याची दोन्ही कुत्री भुंकत नव्हती. ती गोठ्यात गाईंच्या पायांत शिरून बसली होती.

आता तो उसात नेमका कुठं हे कळायला काही खूण उरली नव्हती. गाणं बंद होतं आणि ऊस दोन एकर. मी त्याला फोन लावला, पण पुलावर बसताना घरच्यांचे फोन नकोत म्हणून तो कॉल बंद करून ठेवायचा. मेसेज तेवढे चालू ठेवायचा. ती आमची अट होती.

मी संस्थेच्या नंबरवरून लिहिलं, "कुठे आहेस?"

उसातून बाई म्हणाली, "दूध डेअरी यांचा संदेश. कुठे आहेस."

"तिकडं," दादा म्हणाले आणि आत घुसले.

उसात शिरलं की दोन पावलांवर आकाश जातं. पाती कानाला, ओठाला कापतात. दादा थाळी बडवायला लागले, कारण आत जे काही असेल ते हलायला हवं होतं. पण थाळी वाजली की बाई ऐकू येईना. "दादा, थांबा." ते थांबले की त्या शांततेत पुढं पाऊल टाकायचा धीर होईना. म्हणून आम्ही तसंच केलं, थोडं बडवायचं, मग थांबायचं, मग मी लिहायचे आणि आम्ही ऐकायचो.

काय लिहावं? मी आयुष्यभर घोषणा लिहिल्या होत्या. त्यातली एकही तिथं चालत नव्हती.

"ऊठ."

"दूध डेअरी यांचा संदेश. ऊठ," उसातली बाई म्हणाली. तिला घाई नव्हती, काळजीही नव्हती.

"उभा राहा."

"दूध डेअरी यांचा संदेश. उभा राहा."

आवाज जवळ आला होता. आणि वास आला. उग्र, ओल्या कातड्यासारखा. दादांनी बॅटरी खाली केली आणि माझा दंड धरला. समोर, आवाजाच्याही पलीकडे, पाती हळूच बाजूला होऊन परत जागेवर आल्यासारखी वाजली. कुणीतरी जागा बदलून बसावं तसं.

आत्या माझ्या मागून कुजबुजली, "लिही. आई आली म्हनून लिही."

"आई आलीय. उभा राहा."

बाईनं ते वाचलं. आणि तिचं वाचून संपायच्या आत पलीकडे ऊस कडाकडा मोडला, धडपडल्याचा आवाज झाला, आणि जड जिभेनं कुणीतरी "ओ" दिली.

तो उभा होता. सरीतल्या चिखलानं अर्धा माखलेला, शर्टावर ओकलेलं, गालावर पातीचे ओरखडे. दोन उसांना धरून उभा होता आणि मान ताठ ठेवून सरळ आमच्याकडे बघत होता, मागं नाही, बाजूला नाही. दादांनी आता थाळी अशी बडवली की तिला पोचा आला. आत्यानं पुढं होऊन त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग गळ्यातला पट्टा काढला आणि त्याच्या गळ्यात बांधला. तिच्यानं बक्कल बसेना, मी बसवलं. तशीच उघड्या गळ्यानं ती त्याच्यामागून चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी ती जागा पाहिली. तो पडला होता तिथं ऊस लोळला होता. त्याच्या मागं, हात पुरेल एवढ्या अंतरावर, आणखी एक जागा दबलेली होती. ती त्यानंच धडपडताना दाबली असेल. वनखात्याचा माणूस आला, बघून गेला, पिंजरा लावू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी गाईला पाणी दाखवत होते तेव्हा आतेभाऊ मागं येऊन उभा राहिला.

"ताई, तू किती मेसेज टाकले तवा?"

"चार-पाच. का?"

"काय काय लिवलं?"

मी सांगितलं. कुठे आहेस, ऊठ, उभा राहा, आई आलीय.

"आन 'मागं बघू नको'?"

"काय?"

"मला पयल्यांदी त्येच ऐकू आलं. 'मागं बघू नको.' मग 'उभा ऱ्हा' आलं. त्याच बाईच्या आवाजात. म्हनून तर मी तसा उठलो. नायतर मी पयलं मागंच बघनार व्हतो, मागं श्वास व्हता."

मी फोन काढला. गेलेले मेसेज सगळे होते. ते त्यांत नव्हतं. त्याच्या फोनवरही आलेलं नव्हतं. दोनदा पाहिलं.

आता सांगायचं काय? एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं साधं झालं असतं. ताईनं पाठवलं, आपण ऐकलं. आणि 'नाही' म्हटलं तर पोरगं एकतर घाबरून पुन्हा पुलावर जाऊन बसणार, नाहीतर विहिरीपाशी शेंदूर फासून एक दगड उभा करणार. ज्या घरात मी भुताखेतांविरुद्धची पत्रकं घडी घालत वाढले, त्या घरातली मी. पण त्याच घरात मला हेही शिकवलेलं होतं की माणसाला चांगल्या कामासाठीसुद्धा खोटं सांगायचं नाही, कारण मग बुवा-महाराजांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

"नाही," मी म्हणाले. "ते मी पाठवलं नव्हतं. तू नशेत होतास. नशेत माणसाला काहीही ऐकू येतं."

त्यानं गाईच्या पाठीवरून हात फिरवला.

"असंल," म्हणाला. "पर नशेत ऐकू आलं त्ये बरूबर व्हतं. पुढल्या टायमाला चुकीचं आलं तर?"

मला वाटतं त्याला उत्तर नकोच होतं. त्यानं ते स्वतः काढलं होतं.

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "नशा." जरा वेळानं म्हणाले, "'आई आलीय, उभा राहा.' हे तुला सुचलं?"

"आत्याला सुचलं."

"हं. यात उद्गारचिन्ह नाही." एवढंच. ते त्यांच्या तोंडचं कौतुक होतं की नाही, मी विचारलं नाही.

पुण्याहून वेळ बदलली. आता सगळ्या पोरांना मेसेज दुपारीच जातो, ऊन असताना. गाणी तोडायची नाहीत, असं मी ठणकावून लिहून घेतलं. फक्त आतेभाऊ अडून बसला. "मला मावळतीलाच पाठव. दुपारी मी शानाच असतो, दुपारी इचारून काय उपेग?" त्याचं खरं होतं. म्हणून त्याचा मेसेज मी स्वतः पाठवते. तो पुलावर अजून जातो. सोडलेली नाही, कमी केलीय. काही दिवस जातच नाही, काही दिवस मी त्याच्यावर चिडते, आणि 'कमी' या शब्दाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण उसातून येताना तो आता आकडा टाइप करत नाही, ओरडून सांगतो. माणसाचा आवाज जाऊ दे शिवारात, म्हणतो.

परवा मी आत्याकडेच होते. ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेलाय. बँडचं गाणं चारीवरून निघालं, विहिरीपाशी आलं. मी मेसेज पाठवला. गाणं थांबलं.

"दूध डेअरी यांचा संदेश. आज किती."

मग तीच शांतता. आत्या हातातलं पीठ तसंच धरून उभी होती. पाती घासली. त्या शांततेत त्याचा आकडा ऐकायला आम्ही दोघीच थांबलेल्या नसतो असं मला दर वेळी वाटतं. हे मी पत्रकात छापणार नाही, पण वाटतं.

"दोन!" उसातून आवाज आला. जीभ जड नव्हती.

"कालच्यापरीस एक जास्तीये," आत्या पुटपुटली, आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग गाणं लागलं, आणि हलायला लागलं.